धावपट्टीचे मोल

विमान उशिरा सुटले की प्रवाशांचा रोष प्रथम नियंत्रण मनोऱ्याकडे वळतो. नियंत्रकांची भरती करा, नवी रडार यंत्रणा आणा, कारभार स्वायत्त महामंडळाकडे सोपवा, अशा सूचना मग पुढे येतात. त्या गैर नाहीत. मात्र त्यांतून खोळंबा संपेल, ही अपेक्षा भ्रामक आहे.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे व्यवहारात एका वेळी एकच वापरता येते. पुढच्या विमानामागे उठणारे हवेचे भोवरे शमेपर्यंत मागच्याला अंतर राखावेच लागते. हा नियम निसर्गाचा आहे, कोणत्या खात्याचा नव्हे. वेळापत्रक काठोकाठ भरलेले असल्याने सकाळचा उशीर रात्रीपर्यंत वाढत जातो. विमाने ४० ते ६० मिनिटे शहरावर घिरट्या घालतात, हे केंद्र सरकारनेच फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितले. तासभराच्या घिरट्यांत सुमारे अडीच हजार लिटर इंधन वाया जाते. यावर योजलेला उपाय बोलका आहे: गर्दीच्या वेळी तासाला ४६ ऐवजी ४४ आणि एरवी ४४ ऐवजी ४२ उड्डाणे-अवतरणे. म्हणजे गाठ सुटली ती यंत्रे वाढवून नव्हे, तर मागणीला आवर घालून.

न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळाचा अनुभवही हाच आहे. २००० साली अमेरिकी काँग्रेसने तेथील उड्डाणांवरील मर्यादा सैल करताच कंपन्यांनी शेकडो नवी उड्डाणे सुरू केली. खोळंबा इतका वाढला की अखेर मर्यादा पुन्हा घालून उड्डाणांच्या वेळा सोडतीने वाटाव्या लागल्या. नियंत्रक तेच होते, धावपट्ट्याही त्याच होत्या.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न उघड आहे. सकाळी आठच्या सुमाराची धावपट्टी ही दुर्मिळ वस्तू आहे. पण अवतरण-शुल्क मुख्यतः विमानाच्या वजनावर ठरते. शिवाय एकदा मिळालेली वेळ नियमित वापरली, की पुढील हंगामातही ती त्याच कंपनीकडे राहते. एका जादा विमानामुळे मागच्या सर्वांना होणाऱ्या विलंबाची किंमत ती कंपनी भरत नाही. ती प्रवासी भरतात.

गर्दीच्या वेळी जादा आकार घेतला तर सामान्य प्रवासी भरडला जाईल, असा आक्षेप येईल. परंतु आकार दर विमानामागे सारखा ठेवल्यास चित्र पालटते. १८० प्रवाशांच्या विमानात तो १८० जणांत विभागला जाईल. आठ जणांच्या खासगी विमानात आठांत. धावपट्टी मात्र दोघेही जवळजवळ तितकाच वेळ अडवतात.

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि डिसेंबरात तेथून उड्डाणे सुरू झाली. त्यामुळे ताण काहीसा हलका होईल. परंतु मोकळी झालेली प्रत्येक वेळ पुन्हा नव्या उड्डाणाने भरली, तर लागार्डियाचीच पुनरावृत्ती घडेल. वेळापत्रकात थोडी मोकळीक राखणे आणि गर्दीच्या तासाला त्याचे खरे मोल लावणे, हे निर्णय शासनाचे आहेत. ते टाळून नियंत्रकाला दोष देणे सोपे आहे, न्याय्य नाही.