खालच्या सुराची बाजू

"जपानी पॉप गाण्यांत तो बेस फार पुढे पुढे करतो बुवा!" हे वाक्य मी आता इतक्यांदा ऐकलं आहे की एकदा त्याचा समाचार घ्यावा म्हणते. म्हणणारे बहुधा जाणकार असतात. त्यांचा युक्तिवाद असा: बेस गिटार म्हणजे घराचा पाया. पाया जमिनीखाली असावा, दिसू नये. गाणारीने गावं, बेसवाल्याने खाली मान घालून सूर-ताल धरावा. जपानी मंडळी त्याला थेट दिवाणखान्यात आणून बसवतात, हे काही खरं नाही.

उपमा ऐकायला छान आहे, पण पाया कधी हलतो का? बेस हलतो, म्हणून तर गाणं पुढे जातं. उपमा द्यायचीच तर पायाची नको, पायांची द्या.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं बी.ए., जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेला, जपानी एक अक्षर येत नाही. नातीने कानाला मोठे हेडफोन अडकवून दिले तेव्हापासून ही गाणी ऐकते आहे. "शब्द कळत नाहीत म्हणून तुमचं लक्ष बेसकडे जातं," असंही मला एकाने ऐकवलं. जात असेल. पण लक्ष गेल्यावर तिथे ऐकण्यासारखं काही सापडतं की नाही, हा खरा प्रश्न आहे.

आधी आक्षेपकांना एक विचारते. आपण ऐकता कशावर? बेसची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झला बोलते. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून ती खोली बाहेर पडूच शकत नाही. ऐकू येतो तो फक्त अंगठ्याने तार आपटल्याचा वरवरचा टकटकाट. मग तो मध्ये मध्ये करणारा वाटणारच! अर्धा माणूस ऐकायचा आणि त्याला आगाऊ ठरवायचं, हा कुठला न्याय?

आता पुरावे. १९७३ साली युमी आराई या तरुण गायिकेचा 'हिकोकिगुमो' हा पहिला अल्बम आला. त्यात बेस वाजवला हारुओमी होसोनो यांनी. शीर्षकगीत अकाली गेलेल्या एका कोवळ्या जिवाबद्दल आहे. (मियाझाकींनी २०१३ च्या आपल्या चित्रपटात ते पुन्हा वापरलं.) तिथे बेस कसरत करत नाही, गायिकेच्या शेजारून चालतो. दुःखात माणूस सोबतीला असावा तसा, न बोलता, पण आहे हे जाणवेल असा.

दुसरा पुरावा अगदी उलट स्वभावाचा. १९७८ साली तात्सुरो यामाशिता यांच्या 'गो अहेड!' या अल्बममध्ये 'बॉम्बर' नावाचं गाणं होतं. बेसवर आकिहिरो तानाका. एकल तबकडीवर हे गाणं मागच्या बाजूला टाकलं होतं. पण ओसाकाच्या डिस्कोंमध्ये लोकांनी तबकडी उलटली आणि त्यावर नाचायला सुरुवात केली! तोवर यामाशितांचे अल्बम फारसे खपत नव्हते. ज्या गाण्यात बेस सरळ छाती काढून उभा आहे, त्याने त्यांना नवे श्रोते मिळवून दिले.

आणि तिसरा, मारिया ताकेउची यांचं १९८४ सालचं 'प्लास्टिक लव्ह'. जपानबाहेर हे गाणं साधारण तीस-पस्तीस वर्षांनी इंटरनेटमुळे पोचलं. प्रेमात पोळलेली बाई आता प्रेमाचा नुसता खेळ मांडते आहे. आवाज थंड, ताब्यात. खाली कोकी इतो यांचा बेस मात्र उबदार. ती वाक्य संपवून थांबली की तो हळूच दोन शब्द बोलून घेतो. ती जे लपवते आहे ते हा सांगतो, असं मला वाटतं. काढून टाका तो बेस, आणि सांगा काय उरतं.

हे जपानी गाण्यातच इतकं का रुजलं? याचं माझं उत्तर भाषेच्या बाजूने आहे. आपण मात्रावृत्तात लघूची एक मात्रा धरतो आणि गुरूच्या दोन. जपानी भाषाही अशीच मात्रा मोजणारी. ऱ्हस्व स्वराची एक, दीर्घाच्या दोन. हायकूचे पाच-सात-पाच असेच मोजतात. इंग्रजीसारखा ठसकेबाज आघात तिथे नाही. म्हणून १९७०-७१ च्या सुमारास तिकडे मोठा वाद झाला होता की जपानी भाषेत रॉक गाता येईल का. गाता येईल हे ज्या 'हॅपी एंड' या गटाने दाखवून दिलं, त्याचा बेसवादक कोण? हेच होसोनो! शब्द एकसारख्या पावलांनी चालणार असतील तर झोका, हिसका, लचक कुणीतरी द्यायला हवी. ती बेसने दिली, असं माझं मत आहे.

दुसरं कारण स्वररचनेचं. तिथल्या असंख्य गाण्यांत कॉर्डची एकच साखळी येते. पायाचे स्वर आपल्या भाषेत म-प-ग-ध. तिला तिकडे 'राजमार्ग' म्हणतात. रस्ता सगळ्यांचा एकच असेल तर चालणाऱ्याची ओळख चालीवरूनच पटणार ना? शीना रिंगो यांच्या १९९९ च्या 'मारुनोउची सॅडिस्टिक'ची साखळी वेगळी, पण तीही तोवर अमेरिकेत वापरून झालेली. सेइजी कामेदा यांनी त्यावर बेस असा चालवला आहे की ती जुनी आहे हे कुणाच्या मनातही येऊ नये.

"पण हे सगळं अमेरिकेचं अनुकरण!" असा शेवटचा बाण असतो. वाद्य अमेरिकेचं, कबूल. फेंडर यांनी १९५१ साली ते बाजारात आणलं. अंगठ्याने तार आपटण्याची रीत लॅरी ग्रॅहम यांची. पण डेट्रॉइटमध्ये ज्यांनी मोटाउनच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांना बेस दिला, त्या जेम्स जेमरसन यांचं नाव १९७१ पर्यंत कंपनीच्या तबकड्यांवर छापलं जात नव्हतं. यामाशितांच्या तबकड्यांवर मात्र कोणत्या गाण्यात कोण वाजवतो आहे, हे छापलेलं असतं. त्याला मी नक्कल म्हणणार नाही, ऋण मानणं म्हणेन.

आणि माझं खरं भांडण इथेच आहे. आपल्या मैफलीत पेटीवाल्याने गायकाची जागा अचूक उचलली की आपण "वा!" म्हणतो. तबलजीने समेवर आणून सोडलं की टाळी देतो. तेव्हा कुणी म्हणत नाही की साथीदाराने पायरीने वागावं. मग बेसवाल्यालाच हा धडा का?

अलीकडच्या काही गाण्यांत बेसच्या फटाक्यांची माळ लावलेली असते, हेही खरं. कारण नसताना अंगठा आपटत राहणं मलाही नको होतं. पण वाईट वक्ते आहेत म्हणून आपण बोलणंच बंद करतो का?

वर्गात पहिल्या बाकावरच्यांची नावं सगळ्यांनाच पाठ असतात. शिक्षकाचा कस लागतो तो मागच्या बाकावरून कोण काय म्हणतंय ते ऐकण्यात. श्रोत्याचंही तसंच आहे. असो. आज एक गाणं हेडफोन लावून ऐका, आणि गाणारीला क्षणभर बाजूला ठेवून फक्त खालचा सूर धरा. मग सांगा, कोण पुढे पुढे करतंय ते!