मीटरवरचा नॅपकिन

परवा रात्री मेसमध्ये जेवताना (भाजी कुठली होती ते विचारू नका, आम्हालाही कळलं नाही) विषय निघाला गाड्यांच्या डॅशबोर्डचा. सिव्हिलच्या एका मित्रानं सुट्टीत घरच्या गाडीच्या मीटरमधले साधे बल्ब काढून निळे एलईडी बसवले होते आणि तो मोबाइलवर फोटो दाखवत होता. "एकदम विमानाचं कॉकपिट!" अख्खं टेबल खूश. मी मात्र गप्प बसलो. कारण हाच पराक्रम मी दीड वर्षापूर्वी करून बसलोय आणि तो निस्तरताना जे कळलं ते तोपर्यंतच्या सगळ्या सबमिशन्समधून कळलं नव्हतं.

तर मित्रांनो, माझं म्हणणं सरळ आहे. घरी बसून गाडीचे दिवे जरूर बदला. पण त्या दिव्यांसमोर रोज कोण बसणार आहे, त्याला आधी विचारा. मी विचारलं नव्हतं.

आमचं गाव सासवडजवळ. अण्णांची फुलशेती आहे, झेंडू आणि शेवंती. माल जातो पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, त्यामुळे पहाटे तीन-साडेतीनला व्हॅन भरून दिवे घाट उतरायचा हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. व्हॅन जुनी आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता, माझा होता. मीटरमधले बल्ब पिवळट, मिणमिणते झाले होते. मी सेकंड इयर ईअँडटीसी, नुकताच डायोड शिकलेला. दसऱ्याच्या सुट्टीला जाताना नाना पेठेतून चार निळे, खाचेत बसणारे तयार एलईडी घेतले आणि अण्णा दुपारी झोपलेले असताना मीटर उघडला.

उघडणं अवघड नाही. आधी दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची (हे विसरू नका, फ्यूज उडतो). मग वरच्या झाकणाचे स्क्रू, मागची स्पीडोमीटरची केबल, आणि मीटर हातात येतो. मागे तांब्याच्या रेघांची एक पातळ लवचिक शीट असते. ती फाटली की संपलं, त्यामुळे तिथे घाई नको. होल्डर पाव फेरा फिरवला की बल्ब बाहेर. एलईडी लागला नाही तर घाबरायचं नाही, उलटा करून बसवायचा. बल्बला प्लस-मायनसचं सोयरसुतक नसतं, एलईडीला असतं. तासाभरात काम फत्ते. रात्री दिवा लावून दाखवला तर आई म्हणाली, "अगं बाई, गणपतीचं डेकोरेशनच की!" अण्णा म्हणाले, "झकास." मी कॉलर ताठ करून होस्टेलला परत.

तीन आठवड्यांनी दिवाळीला गेलो आणि पहाटे अण्णांबरोबर निघालो. बघतो तर मीटरवर नॅपकिन! जेवणाच्या डब्याचा चौकटीचा नॅपकिन, वरच्या खाचेत नीट खोचलेला. विचारलं तर म्हणाले, "डोळ्यात घुसतं रे ते निळं. घाटात धुकं असलं की काचेवर दिसतंय, समोरचं काय दिसंना. तू हौसेनं केलं हुतंस, म्हटलं राहू दे."

तीन आठवडे माझे वडील मीटर झाकून दिवे घाट उतरत होते. त्या नॅपकिनखाली ऑइलचा दिवा होता, टेंपरेचरचा काटा होता, बॅटरीचा दिवा होता. मी गाडीत सुधारणा केली होती!

होस्टेलला आल्यावर पहिल्यांदाच स्वतःहून लायब्ररीत गेलो. अंधारात बघण्याचं काम डोळ्यातल्या ज्या पेशी करतात त्यांना 500 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सर्वांत जास्त जाणवतो. निळा एलईडी असतो 470च्या जवळ, म्हणजे नेमका त्यांच्या टप्प्यात. अंधाराला पुरते सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात, आणि भगभगीत निळ्याकडे बघितलं की ती कमाई जाते. शिवाय निळा रंग डोळ्यात पडद्याच्या अलीकडेच फोकस होतो म्हणून आकडे फुगल्यासारखे, पुसट दिसतात. वय झालेल्या डोळ्यात तर तो जास्तच पसरतो. आणखी एक गंमत (तेव्हा गंमत वाटली नाही): आमच्या मीटरचा काटा लाल. निळ्या उजेडात लाल रंग काळा दिसतो. म्हणजे नॅपकिन काढला असता तरी काळ्या तबकडीवर काटा दिसलाच नसता.

निळ्याचा मोह फक्त आपल्यालाच होता असंही नाही. जपानमध्ये शुजी नाकामुरांनी 1993 साली प्रखर निळा एलईडी दाखवला (त्या कामाचं नोबेल 2014 साली अकासाकी आणि अमानो यांच्याबरोबर मिळालं) आणि पुढे सगळीकडे निळ्याची लाट आली. फोक्सवॅगननंही 1990च्या दशकाच्या शेवटी निळे मीटर दिले आणि नंतर पांढऱ्यावर आली. बाहेरचे लोक चुकतात आणि सुधारतात. आपण अजून फोटो फिरवतोय.

अंधूक करायचं चाक असतं ना, असं कुणी म्हणेल. होतं की! पण ते जुन्या पद्धतीचं, वायर गुंडाळलेलं, साधारण दहा ओहमचं. आधीचे चार बल्ब प्रत्येकी 3.4 वॉटचे, मिळून एक अँपियरच्या वर करंट, त्यामुळे चाक फिरवलं की भरपूर व्होल्टेज खायचं. चार एलईडींचा करंट मिळून 80 मिलिअँपियर. तेवढ्यावर दहा ओहमचं चाक 0.8 व्होल्ट खाणार. फिरवा किती फिरवायचं ते. ओहमचा नियम मी अकरावीपासून पाठ म्हणतोय, पण तो खरा असतो हे तिथे कळलं.

मग दुसऱ्यांदा, या वेळी तपकीर गल्लीतून सुटे अंबर एलईडी आणले. तीन सिरीजमध्ये, प्रत्येकी दोन व्होल्ट धरून सहा. गाडी चालू असताना 14.4 व्होल्ट, उरले 8.4. पुस्तकाप्रमाणे 20 मिलिअँपियरला 420 ओहम येतो. पण पुस्तकाला विचारायचंच नव्हतं. रात्री अंगणात सगळे दिवे बंद करून अण्णांना सीटवर बसवलं आणि एकेक रेझिस्टर लावून दाखवला. 1 के? "जास्त हाय." 4.7 के? "काय दिसंना." 2.2 के लावला आणि अण्णा म्हणाले, "हां, हे बरंय." म्हणजे जेमतेम 3.8 मिलिअँपियर! एलईडीचा उजेड एकाच ठिकाणी पडत होता म्हणून त्याचं गोल टोक पॉलिश पेपरनं घासून धुरकट केलं, मग तबकडीभर पसरला.

एक बल्ब मात्र तसाच ठेवला, बॅटरीचा. तो गावच्या वायरमनमुळे वाचला. "त्याला हात नको लावू, डायनॅमो चार्जिंग करायचा नाही," म्हणाला. का ते त्याला सांगता आलं नाही, मला नंतर सापडलं. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो. तिथे एलईडी घातला तर तेवढा करंट जात नाही, समांतर रेझिस्टर द्यावा लागतो. वायरमन दहावी नापास आहे. माझा त्या विषयात फर्स्ट क्लास होता.

आता थोडं आपल्या मिनी-प्रोजेक्टबद्दल (सर, रागावू नका). तयार किट घ्यायचं, वरच्या बॅचचा रिपोर्ट पहिलं पान बदलून बाइंड करायचा, व्हायवात "470 ओहमच का?" विचारलं की "सर्किट डायग्राममध्ये आहे" म्हणायचं. काम करणारं सर्किट टेबलावर ठेवलं की मार्क पडतात, आणि दुसऱ्या दिवशी ते कपाटात जातं. ते कुणी वापरलं, वापरणारा काय म्हणाला, हा प्रश्न मला कधीच विचारला गेला नाही. माझा निळा मीटरसुद्धा या पद्धतीत पैकीच्या पैकी मिळवून गेला असता. दिवा लागत होता ना! म्हणून डिपार्टमेंटला एक सुचवावंसं वाटतं. 25 पैकी निदान पाच मार्क वापरणाऱ्याच्या हातात द्या. मेसचे मामा, वॉचमन काका, घरचे, कुणीही. त्यांनी महिनाभर वस्तू वापरायची आणि एका कागदावर चार ओळी लिहून सही करायची. खोट्या सह्या होतील, मान्य. जर्नलमध्ये तरी कुठे सगळ्या रीडिंग्ज खऱ्या असतात?

त्या सिव्हिलच्या मित्राला मी दुसऱ्या दिवशी विचारलं, गाडी रात्री कोण चालवतं? तो म्हणाला, काका. काका काय म्हणाले? "काही नाही रे, छान आहे म्हणाले." त्याला म्हटलं, एकदा रात्री त्यांच्या शेजारी बसून जा.

आमच्याकडे नॅपकिन परत डब्यावर गेलाय. आता अण्णांना व्हॅनच्या मागच्या बाजूला दिवा हवाय, पहाटे क्रेट मोजताना अंधार पडतो म्हणून. फोनवर म्हणाले, "पण आधी मला दाव, मग बसव."