पॅरिसच्या खुर्चीत आपला माणूस



देऊळगाव राजाकडचा एक म्हातारा मला म्हणाला होता, "इंग्रज म्हने हे आमचं हाये, निजाम म्हने इंग्रजानं खाल्लं. अन् आमी पाटलाच्या वाड्यासमोर जसेच्या तसे उभे."

म्हाताऱ्यानं शंभर वर्षांचा इतिहास दोन वाक्यात संपवला. आपला बुलढाणा जिल्हा ज्या वऱ्हाडात आहे, ते वऱ्हाड मालकीनं निजामाचं आणि कब्जानं इंग्रजाचं. फौजेचा खर्च थकला म्हणून कंपनीनं १८५३ साली ते निजामाकडून लिहून घेतलं. १९०२ साली कर्झननं सालाना २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा केला. वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड म्हणतात, त्यातलं सोनं कापसाचं. ते सोनं न्यायला १८७० साली खामगावला रेल्वेचा फाटा आला. कुऱ्हाडीचा दांडा कुणाच्या हातात होता आणि पातं कुणाच्या मानेवर, हे आपल्या वस्तीत सांगायला नको.

निजाम वऱ्हाड परत मागत राहिला. १९२६ साली लॉर्ड रीडिंगनं त्याला खडसावलं, की साम्राज्याशी बरोबरीनं वाटाघाट करायचा हक्क कुठल्याच संस्थानिकाला नाही. म्हणजे जो निजाम खाली रयतेला उभं करायचा, त्याला वर इंग्रजानं उभं केलं. मग १९३६ साली तोंड पुसलं. निजामाला किताबात 'हैदराबाद आणि वऱ्हाड' दिलं, त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' केलं. नाव त्यांचं, राज्य इंग्रजाचं. या सगळ्या कागदांत वऱ्हाडच्या माणसाची सही कुठंच नाही.

१९४७ साली इंग्रज निघाले तेव्हा निजामानं वऱ्हाडचा जुना दावा पुन्हा काढला, आणि स्वतंत्र राहायची भाषा केली. २९ नोव्हेंबरला दिल्लीशी एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. त्यानंतर सुरू झाला बंद खोल्यांचा धंदा. निजामाचा कायदेपंडित सर वॉल्टर मॉन्क्टन. दिल्लीत व्ही. पी. मेनन. मध्ये माउंटबॅटन. मसुदे यायचे, खोडले जायचे, परत यायचे. बाहेर रझाकार गावं लुटत होते. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानानं हत्यारं आणत होता. जून १९४८ मध्ये माउंटबॅटनचा शेवटचा मसुदाही निजामानं फेटाळला आणि माउंटबॅटन घरी गेला. अमेरिकेच्या ट्रुमनला मध्यस्थी करा म्हणून विनवलं, त्यानं नाही म्हटलं. २१ ऑगस्टला हैदराबादनं थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार टाकली. तक्रारीत प्रश्न वऱ्हाडचा नव्हता, हैदराबादच्या स्वतंत्रपणाचा होता. पण मूळ एकच: इंग्रज गेल्यावर त्यानं केलेले तहनामे कुणाच्या कामाचे?

हे आपल्यातल्या एका माणसानं आधीच ओळखलं होतं. जून १९४७ मध्ये बाबासाहेबांनी निवेदन काढून संस्थानिकांना बजावलं, की संयुक्त राष्ट्रं तुम्हाला स्वतंत्र देश म्हणून ओळखतील या आशेवर राहू नका. आधी प्रजेला जबाबदार राज्यपद्धती द्या. कायदा बोलत होता आणि कायद्याच्या पोटात माणूस होता. नोव्हेंबरमध्ये त्यांनी हैदराबादच्या अस्पृश्यांनाही सांगितलं, निजामाच्या बाजूला जाऊ नका.

आता मुद्द्याची गोष्ट, जी आपल्या सभांमधून कुणी काढत नाही. सुरक्षा परिषदेपुढे पॅरिसला निजामाचं जे शिष्टमंडळ गेलं, त्याचा म्होरक्या मोईन नवाज जंग. आणि त्या शिष्टमंडळात एक नाव होतं बी. श्यामसुंदर. तेव्हाच्या औरंगाबादेत जन्मलेला, आपल्यातला, दलितांचा पुढारी.

काय काम होतं त्याचं तिथं? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. निजामाला जगापुढं दाखवायचं होतं की हे भांडण नुसतं मुसलमान राजाचं नाही, हिंदूंनी पिळलेला अस्पृश्यही आमच्याकडं आहे. आमच्या जखमेचा त्याला वकिलासारखा उपयोग होता. पण श्यामसुंदर बावळट नव्हता. दिल्लीत जे बसणार होते त्यांचे आईबाप गावात कोण, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं हिशेब केला की एका मालकाला दुसऱ्यावर घालून आपली सुटका करून घेऊ. हिशेब चुकला. रझाकार खेड्यात शिरला तेव्हा पॅरिसची खुर्ची कुणाच्याच आडवी आली नाही.

आणि खुर्ची टिकली किती? १३ सप्टेंबरला भारताचं लष्कर हैदराबादेत शिरलं. १६ तारखेला परिषद बसली. भारताचे रामस्वामी मुदलियार म्हणाले, हैदराबाद हा देशच नाही, परिषदेला अधिकारच नाही. तरी विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेतला गेला. १७ ला लढाई संपली. २२ ला निजामाची तार गेली: तक्रार मागं घेतो. शिष्टमंडळ परदेशात लोंबकळत राहिलं. ज्यानं पाठवलं त्यानंच एका तारेनं वाऱ्यावर सोडलं. पुढं १९४९ च्या मेमध्ये पाकिस्ताननं विषय पुन्हा काढला, त्यातून काही निघालं नाही. निजाम मात्र १९५० साली नव्या राज्यघटनेखाली राजप्रमुख झाला. त्याचं काय बिघडलं? वऱ्हाड मध्यप्रांतात होतं, तिथंच राहिलं.

श्यामसुंदरला गद्दार म्हणून मोकळं होणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मी त्याची पॅरिसवारी चूकच मानतो. बाबासाहेबांचा इशारा समोर असताना केलेली चूक. पण ज्या माणसानं पुढं १९६८ साली गुलबर्ग्यात, म्हणजे पँथर निघण्याच्या चार वर्षं आधी, भीमसेना उभी केली, त्याला एका वाक्यात गाडता येणार नाही. १९७५ साली तो गेला. पॅरिसहून परतलेला माणूस वीस वर्षांनी कुणाच्याही शिष्टमंडळात न जाता स्वतःची सेना काढतो, या मधल्या वर्षांत त्याच्या डोक्यात काय शिजलं, हे विचारायला आपण कुणी गेलो नाही. त्याच्यासोबत काम केलेले म्हातारे गुलबर्गा-बिदरकडं असतील तर पुढच्या अंकासाठी कुणीतरी जायला पाहिजे. एसटीचं भाडं मासिक देईल. मिळालं तर.