तपन कोणाला लागते?

‘कर्मचाऱ्यांना सायकलीवर बसवणं हे पुण्या-बंगळुरूचं फॅड आहे. आपल्याकडे ते चालणार नाही, चालूही नये.’ एका सेवानिवृत्त अधिकाऱ्यांनी परवा अमरावतीत भर सभेत हे सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : कचेरी ही कामाची जागा आहे, आखाडा नव्हे. तब्येत ज्याची त्याने सांभाळावी. घामेजलेला बाबू टेबलावर बसला तर लोक काय म्हणतील? बायकांना साडीत जमणार नाही. अमेरिकेतसुद्धा असले उपक्रम फसले. आणि शेवटी त्यांचा हुकमाचा पत्ता, वऱ्हाडची तपन.

साडीचा मुद्दा एका वाक्यात संपतो. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या आणि त्या मुली खेड्यातून शाळेपर्यंत सायकल दामटत आल्या. आज त्यांतल्या कितीतरी नोकरीला लागायच्या वयात आल्या आहेत. त्यांना जमणार नाही हे कोणी ठरवलं? घामाला बादलीभर पाणी आणि एक टॉवेल पुरतो. आणि आखाड्याचं नाव नाक मुरडून घ्यायचं तर निदान या शहरात घेऊ नये. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथे 1914 मध्ये उभं राहिलं, आणि 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी इथल्या मंडळींनी जगाला आपले देशी खेळ करून दाखवले. आपल्या आजोबांच्या पिढीला व्यायाम ही सार्वजनिक जबाबदारी वाटत होती. नातवांना ती खासगी बाब वाटू लागली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तपन. अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, हे वऱ्हाडातल्या माणसाला भाषणातून सांगायला नको. मे महिन्यात अकरा ते चार कोणीही सायकल चालवू नये, हे मीही म्हणतो. पण कचेरी अकराला भरते का? 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारी कचेऱ्यांचा आठवडा पाच दिवसांचा झाला आणि वेळ ठरली पावणेदहा ते सव्वासहा. म्हणजे घरून निघायचं सव्वानऊला, परतायचं ऊन कललं की. जून ते फेब्रुवारी हे नऊ महिने या वेळांना सायकल चालवण्यात उन्हाची अडचण काय? डिसेंबरात अकोल्यात सकाळी स्वेटर घालून फिरतात, तेव्हा ही तपन कुठे असते? तीन महिन्यांचं कारण पुढे करून अख्खं वर्ष खुर्चीला बांधून ठेवायचं, हा कोणता हिशेब?

आणि त्या तीन महिन्यांतही सायकल चालवणारे असतातच की. डोक्याला दुपट्टा गुंडाळून जाणारा शिपाई बघा. आठवडा पाच दिवसांचा झाला तेव्हा त्याची वेळ ठरली साडेनऊ ते साडेसहा, साहेबांपेक्षा जास्त. त्याची सायकल कचेरीत कुठे उभी असते, हे मी बऱ्याच आवारांत पाहिलं आहे. साहेबांच्या गाड्यांना पत्र्याची शेड, दुचाकींना कडुलिंबाची सावली आणि सायकल मागच्या भिंतीला, जनरेटरशेजारी, दिवसभर उन्हात. संध्याकाळी सीटच्या रेक्झिनला हात लावला तर चटका बसतो. पंक्चरचं सोल्युशन उन्हाने उखडतं, नळी बसलेली असते, हवा भरायला पंप नसतो. कोणी चुकून दारापाशी सायकल लावली तर पहारेकरी धावत येतो, ‘इथं नका लावू जी, सायबाची गाडी लागते.’ सायकलीला ऊन आकाशातून लागतं ते नंतर. आवारातून आधी लागतं. हे बघूनही तपनीचं नाव घेणाऱ्यांना मी विचारतो, की वातानुकूलित गाडीतून उतरून वातानुकूलित खोलीत शिरणाऱ्याला ती नेमकी कुठे लागली?

मे 2024 मध्ये उष्णतेपायी अकोला जिल्ह्यात कलम 144 लावावं लागलं. त्या आदेशात काय होतं? कामगारांना पाणी आणि सावली द्या, शिकवणी वर्ग सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर घ्या. ऊन खरंच मनावर घेतलं की वेळ बदलते, सावली येते, पाणी येतं. सायकलवाला नेमकं तेवढंच मागतो आहे.

    

अमेरिकेचं म्हणाल तर तो दाखला खरा आहे, आणि अर्धा आहे. इलिनॉय विद्यापीठाने आपल्याच कर्मचाऱ्यांवर रीतसर प्रयोग केला : तपासण्या, वर्ग, बक्षिसं. पहिल्या वर्षात तब्येतीत म्हणावा असा फरक दिसला नाही. आपणहून भाग घेणारे आधीच ठणठणीत होते. यातून वर्ग आणि बक्षिसं फसली हे सिद्ध होतं. उलट 2017 मध्ये ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सायकलीने कामावर जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका 41 टक्क्यांनी कमी आढळला. त्याआधी 1953 मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांचा अभ्यास झाला होता : दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. गाडी तीच, पगार देणाराही तोच. फरक कामातल्या हालचालीचा. म्हणून टी-शर्ट वाटून 3 जूनला सायकल दिन साजरा करणारी रॅली मलाही नको आहे.

मग हवं काय? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान 150 मिनिटांचा व्यायाम सांगते. घर ते कचेरी चार किलोमीटर धरा. सावकाश चालवली तरी सतरा मिनिटं. येऊन-जाऊन पाच दिवसांची 170 मिनिटं झाली, वेगळा वेळ न काढता. अमरावतीत राजापेठेतून कॅम्पात किंवा अकोल्यात कौलखेडातून जिल्हा कचेरीत येणाऱ्याला हे सहज जमण्यासारखं आहे. बडनेऱ्याहून दहा किलोमीटर रोज येण्याचा आग्रह मी धरणार नाही.

त्यासाठी कचेरीने दाराजवळ सायकलींची शेड बांधावी, पंप ठेवावा, हातपाय धुऊन कपडे बदलायला बायकांना आणि पुरुषांना वेगळी खोली द्यावी. उन्हाळ्यात शाळा सकाळच्या होतात तशा एप्रिल-मेमध्ये कचेऱ्या सातला भराव्यात. आणि येण्याजाण्याचा भत्ता ज्या नियमाने मिळतो, त्याच नियमात सायकलीने येणाऱ्याला किलोमीटरमागे काही द्यावं. नेदरलँड्समध्ये मालक तसा करमुक्त भत्ता देऊ शकतो. शेडचं काम मार्चच्या आत व्हावं, आणि तिच्यातली पहिली जागा शिपायाच्या सायकलीला मिळावी.