‘हक्काचे घर’ : एका शब्दप्रयोगाविरुद्ध

मराठीत काही शब्दप्रयोग असे आहेत की ते उच्चारताच वाद संपतो. ‘हक्काचे घर’ हा त्यांतला एक. मुंबईतल्या कोणत्याही पक्षाचा जाहीरनामा उघडावा, गिरणी कामगारांच्या मोर्चातला फलक पाहावा, बिल्डरची जाहिरात वाचावी. तिन्ही ठिकाणी हा शब्दप्रयोग भेटतो आणि तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ एकच असतो : मालकीचे घर. ज्यांचे हितसंबंध एकमेकांच्या विरोधात आहेत अशा तिघांनी एकच शब्द बिनतक्रार वापरावा, हे साहित्याच्या अभ्यासकांना खटकायला हवे होते. आम्हालाही ते खटकायला फार उशीर लागला, हे आधीच कबूल करतो.

निमित्त झाले एका महाविद्यालयातील चर्चासत्राचे. विषय ‘मराठी साहित्यातील चाळसंस्कृती’. दोन दिवस निबंध वाचले गेले. त्यांत आमचाही एक होता. सार्वजनिक नळ आला, गॅलरी आली, गणेशोत्सव आला, वाटीभर साखर मागायला येणारी शेजारीण आली. आला नाही तो एकच शब्द, भाडे. दुसऱ्या दिवशी दुपारी चहा देणाऱ्या मावशी लवकर जाण्याची परवानगी मागायला आल्या. त्या उपनगरातल्या एका वस्तीत, दुसऱ्याच्या झोपडीवर चढवलेल्या माळ्यावर भाड्याने राहतात; वर जायला लोखंडी शिडी. अकरा महिने संपत आले होते, मालकीणबाईंनी डिपॉझिट वाढवून मागितले होते आणि संध्याकाळपर्यंत दुसरी खोली पाहून यायची होती. आम्ही परवानगी दिली आणि ‘चाळीतील समूहजीवनाचा ऱ्हास’ या निबंधाकडे वळलो.

चाळ ही आधी संस्कृती नव्हती. ती भाड्याची व्यवस्था होती. १९२०च्या दशकात मुंबई सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग (तेव्हाचा डिलाइल रोड) आणि शिवडी येथे ज्या बीडीडी चाळी उभारल्या, त्यांतली खोली १६० चौरस फुटांची होती. गिरण्यांना मजूर हवे होते, मजुरांना विकत घेता येईल असे काही शहरात नव्हते. म्हणून भाड्याची खोली. त्या खोल्यांत माणसे दाटीवाटीने राहिली, आजारी पडली, भांडली. त्यांना सुखात ठेवले होते असा आमचा मुळीच दावा नाही. पण कोकणातून, घाटावरून ट्रंक घेऊन उतरलेल्या माणसाला शहरात पाय ठेवायला एक जागा होती आणि ती मिळवण्यासाठी आधी मालक व्हावे लागत नव्हते. पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) आपण विनोदाचा मानदंड म्हणून शिकवतो. त्यातली सगळी बिऱ्हाडे भाडेकरूंची आहेत, हा तपशील परीक्षेत कधी विचारल्याचे आम्हाला आठवत नाही.

बिऱ्हाड! हा शब्द आपण गमावला, याची नोंद कोणी घ्यायची? ‘बिऱ्हाड’ म्हणजे मांडलेला संसार. जागा कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न त्या शब्दाला पडत नाही. गिरगावात, पुण्याच्या वाड्यांत ‘बिऱ्हाडकरू’ असणे हे कमीपणाचे नव्हते. त्याजागी आज आपल्याकडे काय उरले आहे? ‘भाडोत्री’, जो आपण गुंडांसाठी आणि लेखणीसाठी राखून ठेवला आहे. आणि ‘भाड्याच्या घरात दिवस काढले’ हे वाक्य, जे चरित्रात नेहमी हालअपेष्टांच्या प्रकरणात येते. भाषेने बिऱ्हाडाची प्रतिष्ठा काढून घेतली की धोरणाचे काम सोपे होते.

धोरणाने ते केलेही. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. फाळणीच्या आणि टंचाईच्या काळात तो कायदा आवश्यक होता, असेच आम्ही मानतो. पण तो अर्धशतक तसाच राहिला. मालकांनी दुरुस्ती सोडली, नव्या चाळी बांधणे थांबले आणि भाड्याच्या जागी पागडी आली. ज्याला खोली मिळाली होती तो सुरक्षित झाला. ज्याला मिळायची होती त्याच्यासाठी दार बंद झाले. १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक अवाजवी ठरवली. त्यानंतरच्या १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पागडीला कायदेशीर मान्यता दिली, आणि ‘लिव्ह अँड लायसन्स’ने राहणाऱ्याला मुदत संपताच बाहेर काढण्याची वाट सुकर करून दिली. म्हणजे एकाच शहरात दोन भाडेकरू झाले : एक ज्याला हलवता येत नाही, आणि एक ज्याला टिकता येत नाही. मावशी दुसऱ्या वर्गातल्या. त्यांच्याकडे तर लायसन्सचा कागदही नाही.

मग सरकारने गरिबांसाठी भाड्याची घरे बांधलीच नाहीत का? बांधली, आणि हीच कथा अधिक बोधक आहे. २००८मध्ये एमएमआरडीएने भाड्याच्या घरांची योजना आणली. बिल्डरला वाढीव चटईक्षेत्र, त्याबदल्यात सरकारला १६० चौरस फुटांच्या खोल्या. (आकडा ओळखीचा वाटतो ना? ऐंशी-नव्वद वर्षांनी शासनाची कल्पनाशक्ती नेमकी त्याच मापावर परतली होती.) योजनेचे पुढे काय झाले? पनवेलजवळच्या कोन येथे बांधलेल्या खोल्या दोन-दोन जोडून ३२० चौरस फुटांच्या केल्या गेल्या आणि २०१६च्या सोडतीत अशी २,४१७ घरे गिरणी कामगारांना मालकीने देऊ करण्यात आली. १९८२च्या संपात ज्यांचे सर्वस्व गेले त्यांना घर मिळू नये, असे म्हणण्याचा निर्लज्जपणा आम्ही करणार नाही. त्यांचा हक्क गिरण्यांच्या जमिनीवर होता आणि त्यांना पनवेलला पाठवणे हाच मुळात अन्याय होता. पण तो भागवण्यासाठी भाडेकरूंच्या वाट्याची घरे उचलली गेली, आणि त्याबद्दल हाक ना बोंब. भाडेकरूंचा मोर्चा निघत नाही. अकरा महिन्यांनी पत्ता बदलणाऱ्याचा मतदारसंघ कोणता?

धारावीच्या पुनर्विकासातही हेच व्याकरण दिसते. १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरच्या रहिवाशाला मोफत घर, तेही धारावीत. माळ्यावर राहणाऱ्याला घर धारावीबाहेर आणि भाड्याने, पुढे हप्त्यांनी विकत घेण्याच्या सोयीसह. भाडे म्हणजे अपात्रांना दिलेली शिक्षा, आणि मालकी म्हणजे त्या शिक्षेतून सुटका. २०२०च्या टाळेबंदीत लाखो मजूर महामार्गांवरून चालत गेले, तेव्हा केंद्र सरकारला भाड्याच्या घरांची आठवण झाली. त्याच जुलैमध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या संकुलांची योजना मंजूर झाली. ज्यांना खोलीचे भाडे थकल्यामुळे शहर सोडावे लागले, ते वेशीबाहेर गेल्यावर. तोवर २०११च्या जनगणनेने देशाच्या शहरांत एक कोटीहून अधिक घरे रिकामी असल्याचे नोंदवून नऊ वर्षे झाली होती.

‘भाडे म्हणजे पाण्यात टाकलेले पैसे’ हा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. मध्यमवर्गाच्या तोंडी तो शोभतो. ज्याच्या हाती दरमहा ठरावीक पगार नाही, ज्याला बँक दारात उभी करत नाही, ज्याचे काम यंदा भांडुपला तर पुढच्या वर्षी कळंबोलीला, त्याला वीस वर्षांच्या हप्त्याचे घर हा उपाय नव्हे. त्याला हवी आहे कामाजवळची, कागद असलेली, तीन-चार वर्षे कोणी उठवणार नाही अशी खोली. २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे. पण तो केवळ नमुना आहे, राज्यांवर बंधन नाही. शासनाने भाड्यासाठी बांधलेले घर पुढे कधीही विकू नये, एवढी एक अट जरी कायद्यात आली तरी आम्ही ती क्रांती समजू.

आणि खोली शोधताना विचारले जाणारे आडनाव? ते तर मराठी साहित्याने कधीच लिहून ठेवले आहे. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेचा नायक नोकरीसाठी परगावी येतो आणि राहायला जागा शोधताना जातीच्या प्रश्नासमोर उभा राहतो. ही कथा आपण विद्रोहाचे उदाहरण म्हणून शिकवतो आणि ते योग्यच आहे. पण ती भाड्याच्या खोलीचीही कथा आहे. जातीची आणि धर्माची चौकशी आज शहरात सर्वांत निर्धास्तपणे होते ती तिथेच, दलालाच्या टपरीवर आणि सोसायटीच्या कार्यालयात. तासिका तत्त्वावर शिकवणारे आपलेच तरुण सहकारी या रांगेत उभे आहेत. सकाळी ते ही कथा शिकवतात आणि संध्याकाळी दलालाला खरे-खोटे आडनाव सांगतात.

आता आमच्याविषयी. आमच्यातल्या एकाचा दुसरा फ्लॅट सहा वर्षे कुलूपबंद होता. ‘भाडेकरूची कटकट नको’, हे कारण. चर्चासत्रानंतर याच मुद्द्यावर आमच्यात बरीच खडाजंगी झाली, आणि शेवटी तो एका तासिका तत्त्वावरील सहकाऱ्याला तीन वर्षांच्या नोंदणीकृत कराराने द्यायचे ठरले. अनामत दोन महिन्यांची. सोसायटीने वाढीव आकार किती घ्यावा यावर शासनाची दहा टक्क्यांची मर्यादा आहे, तेव्हा तो प्रश्न नव्हता. सचिवांनी फक्त भाडेकरूचे पूर्ण नाव मागितले. ते दिल्यावर ‘कमिटीपुढे ठेवतो’ म्हणाले. त्याला आता सात आठवडे झाले आहेत.