१९३४चा खटला आणि २०१४चा खेळ

१/ दिवाळीत पाटोद्याला गेलो होतो. महाविद्यालयात शिकणारा एक धाकटा मित्र संगणकावर ‘बॉल्डर्स गेट ३’ खेळत होता. त्याच्या नायकापुढे एका पुरुष सोबत्याने प्रेम व्यक्त केले. माझ्याकडे न पाहता त्याने विचारले, “दादा, याला ‘हो’ म्हटलं तर चालतं का?” मी हसून विषय टाळला. त्या टाळाटाळीचा इतिहास या धाग्यात मांडतो.

२/ रोल-प्लेइंग गेममध्ये प्रेम कुणावर करायचे, हे खेळाडू ठरवतो. ‘फॉलआउट २’मध्ये (१९९८) समलिंगी विवाह शक्य होता. ‘ड्रॅगन एज : इन्क्विझिशन’मधील (२०१४) डोरियन हा सोबती केवळ पुरुषांवर प्रेम करतो, नायिकेला तो नकार देतो. म्हणजे सोबती हे बक्षीस नसून त्यालाही स्वतःचा कल आहे.

३/ हाच खेळ त्याच्या कंपनीने भारतात विक्रीतून मागे घेतला. कारण दिले ते स्थानिक कायद्यांचा भंग टाळण्याचे. अनेकांनी बोट दाखवले ते समलिंगी प्रसंगांकडे. आदल्याच वर्षी, ११ डिसेंबर २०१३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ पुन्हा लागू केले होते.

४/ आता ऐंशी वर्षे मागे जाऊ. र. धों. कर्वे १९२७पासून मुंबईतून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढत. ज्या शंका घरात उच्चारता येत नसत, त्या वाचक पत्रांतून विचारत आणि कर्वे त्यांना छापील उत्तरे देत. हस्तमैथुन व समलिंगी संबंधांविषयीच्या अशाच उत्तरांवरून १९३४मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला.

५/ त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. युक्तिवादाचा गाभा असा : लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, लोक प्रश्न विचारत असतील तर उत्तर का देऊ नये? कुणाला ती विकृती वाटत असेल, तर तीही ज्ञानानेच हटेल. खटला ते हरले. कर्व्यांनी मात्र १९५३मध्ये मृत्यू येईपर्यंत मासिक चालवले.

६/ ‘लहान मुले खेळतात’ हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी वयोमर्यादेची खूण असते. ‘हे परके आहे’ हा आक्षेप मात्र टिकत नाही. प्रश्न विचारणारे वाचक आपलेच होते. परके होते ते १८६०च्या दंडसंहितेतील कलम. ते सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरते ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द झाले. शिवाय खेळातला पर्याय सक्तीचा नसतो; नको असणाऱ्याने ‘नाही’ म्हणावे.

७/ माझे मत स्पष्ट आहे : पर्याय काढून टाकल्याने प्रश्न नाहीसा होत नाही, केवळ विचारणारा एकटा पडतो. कर्व्यांच्या वाचकाजवळ निदान पत्ता होता. पाटोद्यातल्या त्या मित्राजवळ मी होतो, आणि मी हसलो.

८/ मित्रा, हा धागा वाचत असशील तर : हो, चालतं. आणि तू खेळाविषयीच विचारत होतास की आणखी कशाविषयी, हे सांगणे न सांगणे सर्वस्वी तुझ्या हाती.