मूळ नाही म्हणे!

जुन्या वाद्यांच्या बाजारात ‘ओरिजिनल’ या शब्दाचे भारी सोवळे. नातवाची इलेक्ट्रिक गिटार विकायला काढली, तर दुकानदाराने आत डोकावून निम्मा भाव सांगितला. का? तर पिकअप बदललेत! तार छेडूनसुद्धा पाहिली नाही.

पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. एकेरी वेटोळे आसपासच्या विजेची घरघरही पकडते. म्हणून पोराने दुहेरी, हंबकर म्हणतात ते, बसवून घेतले. घरघर गेली. (आमच्या हिची कुरकुरही.) सुधारलेल्या वाद्याला कमी भाव, हा कुठला न्याय?

मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी गवई आपल्या कानाला रुचेल तशी लावून घेतात; तंबोरा बाटला असे कोणी म्हणत नाही. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरच्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरचे पिकअपही बदललेले होते, तरी २०१९च्या लिलावात तिला ३९ लाख ७५ हजार डॉलर आले. तिथे नावाला पैसे, हे मलाही कळते. पण मग सोवळे फक्त सामान्यांच्या गिटारीलाच का?

विकणाऱ्याने बदल लपवू नयेत, काढलेले जुने पिकअप सोबत द्यावेत, तारांचा डाख उघडून दाखवावा. आणि घेणाऱ्याने ॲम्प्लिफायरला जोडून वाजवल्याशिवाय आकडा बोलूच नये.